पहिल्यांदाच मागवलं! बबल टी आणि अनोळखी खाण्याचे तुमचे अनुभव सांगा

धागा सुरू करणारी (जुळे सोलापूर)

मंडळी, यावेळचा विषय खाण्याचा आहे पण रेसिपीचा नाही. जे कधी बघितलं नाही, ज्याचं नाव मेन्यूवर वाचून काहीच अंदाज येत नाही, ते पहिल्यांदा मागवतानाचा अनुभव लिहायचाय. काउंटरसमोर उभं राहिल्यावर काय वाटलं, कुणी समजावून सांगितलं का, आणि खाल्ल्यावर काय वाटलं. सध्या गावात बबल टीची, म्हणजे चावायचे मोती टाकलेल्या चहाची, चर्चा आहे म्हणून सुरुवात त्याच्यापासून करते, पण मोमो, सुशी, परदेशातलं जेवण किंवा बाहेरगावच्या माणसानं आपल्या सोलापुरात येऊन पहिल्यांदा खाल्लेली कडक भाकरी, काहीही चालेल.

हा विषय मला का महत्त्वाचा वाटतो ते सांगते. आपल्याकडची बरीच माणसं नवीन ठिकाणी जायला किमतीपेक्षा विचारायला जास्त घाबरतात. हे काय असतं, यात काय घालतात, एवढं विचारायचं म्हटलं तरी मागं लाईन असते, आजूबाजूला कॉलेजची पोरं असतात, मग कशाला उगाच म्हणून गुपचूप कोल्ड कॉफी सांगून मोकळे होतात. माझ्या सासूबाई याला अपवाद आहेत आणि त्यांच्यामुळेच मला हा धागा सुचला.

विजापूर रोडवरच्या एका दुकानात आम्ही गेलो होतो, मुलीचा हट्ट होता. सासूबाई सरळ काउंटरला गेल्या आणि त्या पोराला म्हणाल्या, "बाळा, मी हे कधी पिलेलं नाही, यात काय काय असतं ते सगळं सांग." आणि त्या पोरानं खरंच सगळं सांगितलं हो, अजिबात कंटाळा न करता. चहा कोणता पाहिजे, काळा की ग्रीन की जास्मिन, दूध घालायचं की नाही, साखर किती टक्के, बर्फ किती आणि खाली काय टाकायचं, एवढंच ठरवायचं असतं म्हणाला. सासूबाईंनी काळा चहा, दूध घालून, साखर अर्धी, बर्फ कमी आणि साबुदाण्याच्या जातीचे ते काळे मोती असं ठरवलं. मग ग्लास मशीनखाली गेला, वरून प्लास्टिकचा पातळ कागद गरम होऊन ग्लासच्या तोंडाला चिकटला, पोरानं ग्लास चक्क उलटा करून दाखवला, थेंब पडला नाही. सासूबाई म्हणाल्या परत करून दाखव. परत दाखवला.

स्ट्रॉ अंगठ्याएवढी जाड आणि एका बाजूनं तिरकी कापलेली असते. ती हळू हळू दाबली तर कागद नुसता आत जातो, एकदाच जोरात खुपसायची. पहिला घोट थंड चहाचा, आणि मग अचानक एक मोती वर येतो. सासूबाईंनी डोळे मिटून चावून खाल्ला, बराच वेळ काही बोलल्या नाहीत, आणि मग म्हणाल्या, "चहा पण हाय आणि खायला पण हाय, बरं केलंय की." त्यांच्या ग्लासात शेवटी एकही मोती राहिला नव्हता.

आता तुम्ही लिहा. लहान लिहिलं तरी चालेल.

संगमेश्वर कॉलेजची पोरगी

मी लिहिते मी लिहिते! आमचा सगळा ग्रुप लेक्चर संपल्यावर पार्क चौकात जातो, चौपाटीवर. तिथून पुढं एकीनं म्हटलं चला आज बबल टी. आमच्यातल्या एकीचा गुरुवारचा उपवास होता आणि तिनं काउंटरवर विचारलं हे मोती उपवासाला चालतात का. सगळे हसले पण मला तो प्रश्न एकदम बरोबर वाटला, कारण मोती बनतात टॅपिओकाच्या स्टार्चपासून, म्हणजे कसावा नावाच्या कंदापासून, आणि आपला साबुदाणा पण त्याच कंदाचा असतो. तमिळनाडूत सेलमच्या भागात साबुदाण्याचे कारखाने आहेत तिथं हाच कंद लागतो. कंद मूळचा दक्षिण अमेरिकेतला. म्हणजे आपण खिचडीत जे खातो त्याचाच हा सख्खा भाऊ आहे, फक्त मोठा केलेला आणि गुळासारख्या काळपट साखरेच्या पाकात मुरवलेला, म्हणून तो रंग.

दुकानातल्या ताईनं पाकीट आणून मागचं छापलेलं वाचायला दिलं. त्यात स्टार्चशिवाय पण दोन-तीन गोष्टी होत्या म्हणून मैत्रिणीनं त्या दिवशी नुसता बर्फाचा लेमन टी घेतला आणि शुक्रवारी परत येऊन मोतीवाला पिला. मला ही पद्धत आवडली. विचारायचं, वाचायचं, मग ठरवायचं. पाकीट दाखवायला नाही म्हणणारं दुकान असेल तर मी तिथं परत जाणार नाही, माझं स्पष्ट मत आहे.

मी स्वतः तारो घेतला होता, जांभळ्या रंगाचा. ते म्हणजे अळूचा कंद, अळकुड्या. घरी आईला सांगितलं की मी अळकुडीचं दूध पिऊन आले तर तिला वाटलं मी आजारी आहे.

काउंटरच्या आतल्या बाजूचा

नमस्कार. मी बबल टीच्या दुकानात काम करतो, आधी पुण्यात विमाननगरला होतो आता सोलापुरात आहे. वरचे दोन्ही अनुभव वाचून बरं वाटलं. आमच्या बाजूनं काय असतं ते सांगतो म्हणजे पुढच्या वेळी ऑर्डर करताना उपयोग होईल.

मोती पाकिटात कोरडे, कडक येतात. पाणी खळखळ उकळत असतानाच टाकायचे. गार पाण्यात टाकले तर त्यांचा लगदा होतो, पातेलं घासायलाच अर्धा तास जातो. उकळत्या पाण्यात टाकले की आधी तळाला बसतात, सारखं हलवावं लागतं, मग एकेक वर येऊन तरंगायला लागतात. साधारण अर्धा तास शिजवायचे, गॅस बंद करून झाकण ठेवून तेवढाच वेळ तसेच ठेवायचे. मधला पांढरा ठिपका गेला की शिजले. मग गार पाण्यातून काढून पाकात. लवकर शिजणारे पण मिळतात, पण मला हे जास्त आवडतात.

आणि एकदा शिजवले की चारेक तासच त्यांची मजा असते, नंतर घट्ट व्हायला लागतात. फ्रीजमध्ये ठेवले तर आतून खडूसारखे होतात. म्हणून चांगल्या दुकानात दिवसातून अनेकदा थोडे थोडे शिजवतात आणि उरलेले टाकून देतात. तुम्ही गेल्यावर बिनधास्त विचारा की मोती कधी शिजवलेत. राग येत नाही. उलट विचारणारं गिऱ्हाईक आलं की आम्हाला काम नीट करायला हुरूप येतो.

साखरेचं एक लक्षात ठेवा. शून्य टक्के साखर सांगितली तरी ती चहातली शून्य. मोती पाकात बुडालेलेच असतात, त्यांची गोडी येतेच. अजिबात गोड नको असेल तर मोत्यांऐवजी दुसरं काही टाका किंवा काहीच टाकू नका. बर्फाचं म्हणाल तर मे महिन्यात आपल्या सोलापूरच्या उन्हात बर्फ दहा मिनिटांत पाणी होतो, रस्त्यानं पीत जाणार असाल तर बर्फ कमी सांगा, चहाची चव टिकते.

फळांच्या रसाचे जे गोळे असतात, चावले की तोंडात फुटतात, ते वेगळे. त्यात टॅपिओका नसतो, रसावर समुद्री शेवाळातून काढलेल्या पदार्थाचं पातळ आवरण असतं. पहिल्यांदा येणाऱ्या लहान पोरांना तेच जास्त आवडतात. मोठ्या माणसांना मी काळे मोतीच सुचवतो.

डॉक्टरीणबाई

वर लहान पोरांचा विषय निघाला म्हणून लिहिते. चार-पाच वर्षांखालच्या मुलांना काळे मोती स्ट्रॉनं देऊ नका. जोरात ओढलं की मोती थेट घशाकडे जातो आणि तो गिळगिळीत असल्यामुळे अडकू शकतो. द्यायचेच असतील तर चमच्यानं, बसवून, समोर राहून. मोठ्यांनी पण हसत-बोलत ओढू नये. आणि डायबेटिस असणाऱ्यांनी वरच्या भावाची साखरेबद्दलची ओळ दोनदा वाचावी, शिवाय मोती स्वतः स्टार्चच आहेत.

एवढं सांभाळलं तर मजा घ्या, मी पण घेते. जास्मिन चहा, बिनदुधाचा.

पूर्व भागातली

मला नीट लिहिता येतंय का बघते. आमचं घर आधी अशोक चौकाच्या बाजूला होतं, आता कुंभारीला विडी घरकुलात. आई विड्या वळते, अम्मम्मानं, म्हणजे आईच्या आईनं, पण आयुष्यभर तेच केलं. मी लॅबमध्ये नोकरीला लागले आणि पहिला पगार झाला तेव्हा ठरवलं की या दोघींना काहीतरी असं द्यायचं जे त्यांनी कधीच घेतलं नाही. साडी झाली, ती तर सगळेच घेतात. माझ्या डोक्यात बबल टी होती कारण मी कॉलेजात असताना दुकानाच्या काचेतून खूपदा बघितली होती, आत कधी गेले नव्हते.

दोघी यायलाच तयार नव्हत्या. आईनं बोर्डवरची किंमत वाचली आणि लगेच मनात हिशोब केला, एका ग्लासला किती विड्या वळाव्या लागतील, आणि मला म्हणाली एकच घे तिघीत. मी तीन घेतले. त्या दिवशी मला तीनच घ्यायचे होते.

सगळ्यात छान काय झालं ते सांगते. अम्मम्माला मराठी कळतं पण बोलताना ती अडते, म्हणून मी तिच्या वतीनं ऑर्डर सांगत होते, तेवढ्यात काउंटरवरच्या मुलानं आमचं आपसातलं ऐकलं आणि तो सरळ तेलुगूतच बोलायला लागला. मग काय, अम्मम्मानं माझा हात बाजूला केला आणि स्वतः पुढं झाली. गरम मिळतं का, दात नाहीत तर चावता येईल का, रंग कशाचा, सगळं विचारलं. तो म्हणाला गरम पण मिळतं आणि गरम चहात मोती आणखी मऊ होतात. तिनं गरम घेतलं. मला तर माहीतच नव्हतं की गरम मिळतं!

आई मात्र ग्लास घेऊन बसली, प्यायलाच तयार नाही. तिनं चमचा मागून एक मोती झाकणावर काढला आणि बोटांनी दाबून बघितला. तिची बोटं तेंदूपत्ता कापून, तंबाखू भरून, दोरा गुंडाळून तयार झालेली आहेत, पान ओलं किती आणि कोरडं किती हे तिला नुसतं हात लावून कळतं. मोती दाबला, सोडला, परत दाबला, तो परत गोल झाला. मग तिनं तोंडात टाकला. अम्मम्मा तोवर अर्धा ग्लास संपवून म्हणाली हे तर सग्गुबिय्यम, म्हणजे साबुदाणा, आपण पायसमात (खिरीत) घालतो तेच, आणि मग दोनदा म्हणाली बागुंदी, बागुंदी, म्हणजे छान आहे.

घरी आल्यावर शेजारच्या सगळ्यांना आईनंच सांगितलं, चहाची पावडर, दूध, पाक, मोती, सगळं बरोबर क्रमानं. पुढच्या महिन्यात शेजारच्या दोन काकू माझ्याबरोबर आल्या आणि त्यांची ऑर्डर आईनं दिली.

टॉवेलवाले काका

पोरी, तुझं वाचून फार समाधान वाटलं. आईला नमस्कार सांग.

माझा अनुभव थोडा लांबचा आहे. आमचा टॉवेलचा धंदा आहे, एमआयडीसीत युनिट आहे, मशीन बघायला म्हणून तैवानला जाणं झालं. आमच्या घरी मांस-मच्छी नाहीच, कांदा-लसूण पण चालत नाही, त्यामुळे जाताना बायकोनं बॅगेत कडक भाकरी, शेंगा चटणी आणि चिवडा असा बंदोबस्त करून दिला होता. मला वाटत होतं की तिथं आपल्याला खायला काही मिळणार नाही. तर तिथं गेल्यावर ज्यांच्याकडे काम होतं ते गृहस्थ म्हणाले दारावर किंवा पाटीवर स्वस्तिक दिसलं की बिनधास्त आत जा, ते शाकाहारी. त्यांच्याकडे बौद्ध लोक खूप आहेत आणि तिथलं स्वस्तिक उलट्या बाजूला वळलेलं असतं, पण चिन्ह तेच. त्यातले बरेच जण धर्मानं कांदा-लसूण खात नाहीत. सोलापूरहून एवढ्या लांब जाऊन मला न सांगता कांदा-लसणाशिवाय ताटं मिळायला लागली, यावर माझा विश्वास बसेना. त्यांच्याकडे पाकिटावर पण शाकाहाराचे पाच प्रकार छापतात, नुसतं वनस्पतीचं, दूधवालं, अंडंवालं, दूध-अंडं दोन्हीवालं, आणि पाचवा कांदा-लसणाच्या जातीचं घातलेलं. एवढी बारीक विभागणी मी दुसरीकडे कुठं बघितली नाही.

ऑर्डर द्यायची पद्धत पण मला फार आवडली. छोट्या हॉटेलात टेबलावर कागदाची चिट्ठी आणि पेन्सिल असते, पदार्थांची यादी छापलेली, समोर आपण आकडा टाकायचा आणि काउंटरला नेऊन द्यायची. बोलायची गरजच नाही. मी फोनवर फोटो काढून भाषांतर बघायचो, शेजारच्या टेबलावरचं ताट बोटानं दाखवायचो, कुणी कधी वाईट तोंड केलं नाही.

आता बबल टीचं. ताइचुंग शहरात चुन शुई तांग नावाचं चहाचं दुकान आहे, ते म्हणतात १९८० च्या दशकात आम्हीच पहिल्यांदा गार चहात हे मोती टाकले. ताइनान शहरातलं हानलिन नावाचं दुसरं दुकान म्हणतं आम्ही टाकले. दोघांची कोर्टात दहा वर्षं चालली आणि २०१९ मध्ये निकाल लागला की या चहाचं पेटंट होऊ शकत नाही, कुणीही करावा, त्यामुळे पहिला कोण हे ठरवायची कोर्टाला गरज नाही. मला या भांडणात रस असायचं कारण म्हणजे आमचा धंदा. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टॉवेल दोन्हीला जीआय, म्हणजे त्या गावच्या मालाचं सरकारी भौगोलिक मानांकन, मिळालेला आहे, तरी बाहेर कुठंही विणलेला माल सोलापुरी म्हणून विकतात आणि आमच्या इथले माग बंद पडतात. तिकडं मात्र त्या दोन्ही दुकानांत माणसं रांग लावून उभी, आणि जगभर तैवानचा चहा म्हणूनच ओळखतात. नाव कोर्टानं टिकत नाही, माल चांगला ठेवल्यानं टिकतं असं मला त्या रांगेत उभं असताना वाटलं, आणि जीआयचा उपयोग आपण नीट करून घ्यायला पाहिजे असंही वाटलं. असो, विषय भरकटला.

ताइचुंगच्या दुकानात चहा काचेच्या ग्लासात आला, प्लास्टिकमध्ये नाही. वर फेस, खाली बारीक मोती, आपल्याकडे मिळतात त्यापेक्षा लहान. चहाची चव आधी लागली आणि गोडी मागून. तेव्हापासून मी सोलापुरात पण चहा चांगला उकळतात का ते आधी विचारतो, मोत्यांचं नंतर.

सात रस्ता

मला नाही आवडली. प्रामाणिकपणे लिहितो कारण धाग्यात सगळं गोडच नको. चहा मला गरम, आलं घातलेला, कपबशीत लागतो. मुलानं प्रेमानं पाजला, पूर्ण पिलो, मोती चावताना जबडा दुखला. रस्त्यात मित्र भेटला तर म्हणाला, "काय पिऊलालास बे हे?" त्याला पण एक घोट दिला. त्याला आवडला. माणसामाणसावर आहे.

रत्नागिरीहून बदली

मी उलट्या बाजूनं लिहितो. बँकेच्या नोकरीत सोलापूरला बदली झाली, घरचे सगळे तिकडं कोकणात, मी एकटा. भात आणि मासे खाणारा माणूस. पहिल्या आठवड्यात नवी पेठेजवळ एका खानावळीत बसलो आणि वेटरनं विचारलं, "भाकरी कडक का मऊ?" मला प्रश्नच कळला नाही. म्हटलं मी नवीन आहे, तुम्ही जी द्याल ती.

त्यानं कडक आणली. ज्वारीची, पातळ, पूर्ण वाळवलेली, बोटानं दाबली की कडकन मोडते. सोबत शेंगा चटणी, एक वाटी घट्ट दही, एक वाटी आमटी. मी ताटाकडं बघत बसलो तर तो वेटर, चांगला साठीचा माणूस, गर्दी असूनही थांबला. म्हणाला साहेब, आधी नुसती चटणी आणि तेल घेऊन तुकडा खा म्हणजे ज्वारीची चव कळेल. मग आमटीत चुरा. पण सगळी एकदम चुरू नका, थोडी थोडी, नाहीतर भिजून लगदा होतो, अर्धा कडक अर्धा मऊ असतानाच खायची. त्यानं पहिला तुकडा स्वतः मोडून दाखवला, हात धुऊन आला होता बरं का त्यासाठी.

शेंगा चटणीचं मला खास लिहायचंय. मी समजत होतो शेंगदाण्याची चटणी म्हणजे कूट. ही कुटलेली असते, उखळात, त्यामुळे दाण्याचं तेल सुटून ती ओलसर, जाडीभरडी होते आणि बोटाला लागते. लसूण आणि तिखटाचा वास दारातूनच येतो. आता गावी जाताना आईसाठी मी चटणीच नेतो.

मग डिसेंबर-जानेवारीत ऑफिसच्या लोकांनी मंगळवेढ्याकडं हुरड्याला नेलं. हुरडा ऑर्डर करायचा नसतो, शेतात जाऊन आगटीसमोर बसायचं. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात ज्वारीची हिरवी कणसं भाजतात आणि भाजणारा माणूस गरम गरम कणीस तळहातात धरून चोळतो, फुंकर मारून फोलपटं उडवतो आणि हिरवे दाणे तुमच्या हातात टाकतो. त्याचे तळहात मी बघितले, काळे झालेले, त्याला चटका जाणवत नव्हता. मंगळवेढ्याच्या ज्वारीला पण जीआय आहे हे मला तिथंच कळलं, मालदांडी म्हणून जी प्रसिद्ध आहे ती. सोबत गूळ, दही, चटणी. दुपारी परत येताना गाडीत सगळे झोपले होते.

बबल टी अजून पिलो नाही. या धाग्यामुळे जाईन, आणि काउंटरवर त्या सासूबाईंसारखंच विचारीन.

दुबईत नर्स, माहेर सोलापूरचं लष्कर

इथं आमच्या वॉर्डात इथिओपियाची एक सिस्टर आहे, तिनं मला तिच्या देशाच्या हॉटेलात नेलं. मेन्यूतलं एक अक्षर कळत नव्हतं. मी म्हटलं मी मांस खात नाही, तर ती वेटरला म्हणाली हिला उपवासाचं दे. मला धक्काच बसला, मला वाटलं आता फळं येतील. तर त्यांच्या ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन लोकांत बुधवारी आणि शुक्रवारी उपवास असतो, आणि मोठे उपवास वेगळे, त्या दिवशी मांस, अंडी, दूध काहीच चालत नाही, पण डाळी, भाज्या, भाकरी पोटभर चालतात. त्या ताटाला बेयायनेतु म्हणतात. एक मोठी गोल, आंबवलेली, जाळीदार इंजेरा, टेफ नावाच्या बारीक धान्याची, आणि तिच्यावरच लाल डाळ, हिरवी भाजी, कोबी-बटाटा, आणि शिरो, म्हणजे डाळीच्या पिठाचं तिखट, चव थेट आपल्या पिठल्याच्या जवळची. डोळ्यात पाणी आलं हो मला, घरापासून एवढ्या लांब.

चमचा नाही. सगळ्यांनी एकाच ताटात हातानं खायचं. आणि मग तिनं एक घास बांधला आणि माझ्या तोंडासमोर धरला. त्याला गुर्शा म्हणतात, ज्याच्यावर जीव आहे त्याला पहिला घास भरवायचा, नाही म्हणायचं नसतं. आता ती माझ्याकडं येते तेव्हा मी तिला भरवते, शेंगापोळी. तिला इतकी आवडते की जाताना डब्यात मागून नेते.

शाकाहारी लोकांनी इथिओपियन हॉटेलात गेलात तर नुसतं "उपवासाचं" एवढं सांगा, काम होतं.

काउंटरच्या आतल्या बाजूचा

मला मेसेजमध्ये बऱ्याच जणांनी विचारलंय म्हणून परत लिहितो. अंडं न खाणाऱ्यांनी पुडिंग टॉपिंग घेताना विचारून घ्या, काही पुडिंगमध्ये अंडं असतं, काहींमध्ये जिलेटिन, म्हणजे जनावराच्या हाडा-कातड्यातून काढलेलं. दुधाऐवजी बऱ्याच ठिकाणी पावडर वापरतात, ताजं दूध पाहिजे असेल तर ते पण मिळतं का विचारा, थोडे पैसे जास्त लागतील पण चवीत फरक पडतो. घरी करायचं असेल तर चहा नेहमीपेक्षा दुप्पट कडक करा, दूध न घालता गाळून पूर्ण गार होऊ द्या, मग बर्फ, मग दूध, मोती सगळ्यात आधी ग्लासात. आपला साधा साबुदाणा वापरून बघितला तर चालतो का, असं एका ताईंनी विचारलंय. चालतो, पण तो छोटा असतो, मोत्यासारखा चावायला येत नाही आणि लवकर फुटतो.

काकांना सांगायचं होतं, आमच्याकडे चहा दर तीन-चार तासांनी नवीन उकळतो. पूर्व भागातल्या ताई, गरम पिणाऱ्या आजींना घेऊन थंडीत या, गरमचं गिऱ्हाईक तसंही फार कमी असतं आणि मला करायला आवडतं. शनिवार-रविवार संध्याकाळी आमच्याकडं उभं राहायला जागा नसते, तेव्हा नीट समजावून सांगता येत नाही, त्याचं मला वाईट वाटतं. पहिल्यांदा येणाऱ्यांनी मंगळवार-बुधवारी दुपारी चारच्या आत या, सगळे चहा थोडे थोडे चाखायला देतो आणि मग तुम्ही ठरवा.